रात्रीचं रबर

पेन्सिलींच्या जुडीतली एक काढायला गेलो तर जुडीभोवतीचं रबर निसटून बोटात आलं, आणि काही विचार न करता मी ते ताणलं. त्यावर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं होतं. ताणल्यावर अक्षरं रुंद झाली आणि वाचता आली. ‘रात्र’. अक्षर आईचं होतं. जन्मभर अक्षरांचाच धंदा केल्यामुळे कोणाचंही अक्षर ओळखायला मला वेळ लागत नाही, आणि आईचा र तर खाली उतरताना दमल्यासारखा वाकतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. झाडूवाल्या बाई येऊन गेल्या होत्या, बाकी ऑफिसात कोणी आलेलं नव्हतं. मी रबर सोडलं, पुन्हा ताणलं, पुन्हा वाचलं. मी खुर्चीत मागे टेकून बसलो.

आई बाथरूममध्ये पडली त्याला आज नऊ दिवस झाले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. का पडली हे डॉक्टरांनी पाच मिनिटांत काढलं. सकाळची रक्तदाबाची गोळी आणि रात्रीची झोपेची गोळी यांची अदलाबदल झाली होती, दहाबारा दिवस तरी. म्हणजे ही बाई सकाळी उठून झोपेची गोळी घेत होती, दिवसभर भिंतीला धरून चालत होती आणि रात्री टक्क जागी राहत होती. “या वयात होतं असं,” डॉक्टर म्हणाले. ताई तेच म्हणाली, शेजारच्या बाईही तेच म्हणाल्या. एकटी आई म्हणत होती, “असं होणारच नाही. रात्रीच्या खोक्याला मी रबर लावलं होतं. हाताला लागलं की कळायचं.” ताईनं कपाट पाहिलं, ड्रॉवर पाहिले, गुडघे दुखतात तरी वाकून पलंगाखाली पाहिलं. रबर नव्हतं. “आई, रबर नव्हतंच गं. तुला वाटतंय तसं,” ती म्हणाली, आणि मायेनंच म्हणाली. आई दोन दिवस भांडली, तिसऱ्या दिवशी गप्प झाली. ताईनं मग धडाधड ठरवून टाकलं. आज दुपारी आईला तिच्या दोन खोल्यांतून हलवून वृद्धाश्रमात न्यायचं होतं, जिथे गोळ्या नर्स हातात देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. फॉर्मवर दोन्ही मुलांच्या सह्या लागतात, म्हणून मला साडेअकराला बोलावलं होतं.

मला आठवत नव्हतं, हे खरं आहे. अगदी पूर्ण खरं नाही. आई पहिल्यांदा रबर म्हणाली तेव्हा आत कुठेतरी काहीतरी हललं होतं, आणि मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. पडण्याच्या दोन आठवडे आधीचा रविवार. आई आत चहा करत होती, मी फोनवर कोणाशी तरी एका साबणाच्या वेष्टनाबद्दल बोलत होतो, आणि बोलता बोलता तिच्या पलंगाशेजारचं टेबल लावत होतो. ही माझी सवय आहे. कोणाच्याही घरी गेलो की माझे हात वस्तू सरळ करतात. चष्म्याची डबी टेबलाच्या कडेला समांतर, त्यावर रुमाल, शेजारी औषधांची दोन खोकी एकाला एक लावून. त्यातल्या एकाला भाजीच्या जुडीचं जाड तपकिरी रबर होतं, दोनदा गुंडाळलेलं. त्यामुळे खोक्याचे कोपरे दबले होते आणि खालची रेघ झाकली जात होती. ते मला बघवलं नाही. मी रबर काढलं, कोपरे अंगठ्यानं नीट केले, आणि रबर खिशात टाकलं. फोनवर मी त्या वेळी म्हणत होतो, “नाही, नाही, तिथं काहीच नको. मोकळं राहू दे.” दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते खिशातून निघालं असेल आणि पेन्सिलींना लागलं असेल. तीन आठवडे माझ्या नाकासमोर होतं.

आणि ते मला बघवलं का नाही, तर खोकं माझं होतं. म्हणजे त्याचं डिझाइन मी केलेलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या औषध कंपनीची बावीस खोकी मी एका दमात केली. त्या काळात सगळ्या खोक्यांवर लाल गोळे, पिवळे बाण, धडधडणारी हृदयं असायची. मी सगळं उचलून फेकलं. पांढरं खोकं, बारीक काळं अक्षर आणि खाली कडेला एक रेघ, प्रत्येक औषधाची वेगळी. बावीस खोकी फळीवर शेजारी शेजारी ठेवली की घरात कोणीतरी दिवे लावलेत असं वाटायचं. ज्या बैठकीत ती दाखवली तिथे कंपनीच्या एक औषधवाल्या बाई होत्या, जाड चष्म्याच्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी बावीसमधली दोन उचलली, चष्मा काढून जवळ धरली, लांब धरली आणि म्हणाल्या, “ही दोन घरात एका ठिकाणी राहणार. चुकतील हो लोक.” मी म्हणालो, “रेघ वेगळी आहे की.” त्या म्हणाल्या, “कुठे वेगळी आहे?” एक रेघ निळसर राखाडी होती आणि दुसरी राखाडीसर निळी. हा फरक कळायला पाच वर्षं शिकावं लागतं. मी हसून म्हणालो, “बाई, नाव लिहिलंय वर. लोक वाचतील ना.” सगळे हसले, बाईसुद्धा जराशा हसल्या, आणि खोकी मंजूर झाली. पुढे त्या कामाला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं की या माणसाला काय काढून टाकायचं ते कळतं. तो कागद मी चौकटीत बसवून घेतला होता. अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे.

काढून टाकणं मी कुठे शिकलो हे मला कोणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोठीत कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे धुऊन आले की ते पुन्हा आपापल्या वॉर्डात जायला हवेत, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची खूण घालायची. लाल दोरा शस्त्रक्रियेचा, हिरवा बाळंतिणींचा, पिवळा साथीच्या रोगांचा. एकतीस वर्षं तिनं हे केलं. एकही चादर चुकीच्या वॉर्डात गेली नाही, हे ती अजून सांगते, आणि ऐकणारा कंटाळला तरी पूर्ण सांगते. घरीही तेच. मिठाच्या डब्याला सुतळी, साखरेच्या डब्याला काही नाही. बाहेरच्या किल्लीला निळा दोरा. ताईच्या छत्रीला फीत. माझ्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरला आतून हिरव्या दोऱ्याची गाठ होती, आणि ती एकदा वर्गात सगळ्यांना दिसली. हॉस्पिटलची चादर, असं मला पुढे दोन वर्षं म्हणत होते. मी घरी येऊन ब्लेडनं गाठ कापली. आईनं दुसरी घातली. मी तीही कापली. “अरे, हरवेल ना,” ती म्हणायची. तिला कळतच नव्हतं की हरवलेलं मला चाललं असतं.

तेव्हापासून मी खुणा पुसत आलो. आधी एका छापखान्यात, जिथे ब्लेडनं अक्षरं कापून गोंदानं चिकटवायची आणि कापल्याची कड दिसू द्यायची नाही. मग दुसऱ्याच्या ऑफिसात, मग भागीदाराबरोबर स्वतःच्या. माझं टोपणनाव या धंद्यात ‘खोडरबर’ आहे, आणि पहिली काही वर्षं मला त्याचा अभिमान होता. नंतर संगणक आले आणि पुसणं सगळ्यांनाच सोपं झालं. आता समोर बसलेलं गिऱ्हाईक माझ्या मुलीच्या वयाचं असतं आणि ते म्हणतं, सर, छान आहे, पण थोडं अजून काहीतरी हवं. काय हवं ते त्याला माहीत नसतं आणि मला विचारायची इच्छा नसते. मी नाव जरा मोठं करतो, ते खूश होतं. गेली सहा-सात वर्षं मी असाच दमलेला आहे. झोपून जाणारा थकवा असता तर बरं झालं असतं. हा डोळ्यांच्या मागे बसून असतो आणि मी काहीही पाहिलं की म्हणतो, यात काय आहे.

भागीदार आला तेव्हा मी रबर मुठीत धरून बसलो होतो. त्यानं सरबताच्या बाटलीचं लेबल पुढे केलं. “बघ जरा, हिरवा रंग मेलाय का?”

“मेला नाही. झोपलाय.”

“मग उठवू?”

“उठव,” मी म्हणालो. एरवी त्या हिरव्यावर आम्ही तासभर वाद घातला असता. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

“आज आईंना हलवताय ना? जा तू. इथलं बघतो मी.” मग उगीच धीर द्यायला म्हणून, “वाईट वाटून घेऊ नकोस. डोकं चालेनासं झालं की माणसाला एकटं ठेवणं म्हणजे पापच.” चांगला माणूस आहे. तीस वर्षं माझ्याबरोबर टिकलाय, यावरूनच समजावं.

तो गेल्यावर मी रबर ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर बंद केला. खरं सांगतो, बंद केला. मनात हिशेब साफ होता. आई चौऱ्यांशी वर्षांची आहे. आज नाही तर वर्षानं तिला हलवावं लागणारच. ताईचे गुडघे गेलेत, माझं घर चौथ्या मजल्यावर आहे. वृद्धाश्रम चांगला आहे, खिडकीतून झाडं दिसतात, मी स्वतः जाऊन पाहिलाय, तिथल्या पाट्यांची अक्षरंसुद्धा बरी आहेत. आता रबर दाखवून काय होणार? ताईनं मोठ्या कष्टानं मनाची तयारी केली आहे, ती मोडणार. खोक्यांचं मी लोकांना सांगू शकलो असतो. एखाद्या व्याख्यानात सांगितलंही असतं, तरुण मुलांसमोर, बघा मी कसा चुकलो म्हणून, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. धंद्यातली चूक सगळ्यांची असते. रबर एकट्या माझं होतं. मी ते काढलं, आई पडली, आणि नऊ दिवस मी तिच्यासमोर बसून मान हलवत होतो, हो आई, होतं असं या वयात. करून सवरून नामानिराळा म्हणतात तो मी. अकरा वाजता उठलो, कोट घातला, दारापर्यंत गेलो, परत आलो आणि ड्रॉवर उघडला.

आईचं घर वीस मिनिटांवर आहे, मी पस्तीस लावली. एका दुकानाची पाटी बदलत होते, जुनी अक्षरं काढल्यावर भिंतीवर त्यांचे फिकट ठसे राहिले होते, तेच जास्त वाचता येत होते. मी तिथे उगीच थांबलो. औषधांच्या दुकानासमोरही थांबलो. काचेतून दिसत होती माझी खोकी, मागच्या फळीवर, पांढरीशुभ्र, रांगेत. एकोणीस वर्षांत एकाचंही रूप कोणी बदललेलं नाही. एक म्हातारा काउंटरवर दोन खोकी घेऊन पिशवीत टाकत होता. मला आत जाऊन त्याचा हात धरावासा वाटला. मी काही गेलो नाही. म्हातारा माझ्या शेजारून निघून गेला.

दार ताईनं उघडलं. “ये. उशीर केलास.” तिचे डोळे सुजले होते. आत एक सूटकेस भरून उभी होती, दुसरी उघडी होती. भिंतीवरची चित्रं उतरवलेली, पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली, आणि त्या चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ. स्वयंपाकघरात डबे एका खोक्यात भरलेले होते. मिठाच्या डब्याची सुतळी लोंबत होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर, बाहेर जायचे कपडे घातलेले, केस ताईनं विंचरलेले. इतकी नीट बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

“आलास,” ती म्हणाली. मग ताईकडे वळून, “मी चहा घेतला का गं?”

“घेतलास आई. मघाशीच.”

“बरं.” आणि मला, “मी विचारून घेते आता. उगीच गोंधळ नको.”

हे मला सहन झालं नाही. ज्या बाईनं एकतीस वर्षं एक चादर चुकू दिली नाही ती आपण चहा प्यायलो की नाही हे विचारत होती, कारण नऊ दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून तिला पटवलं होतं की तुझ्या आठवणीवर तू विश्वास ठेवू नकोस. ती शहाणी बाई, तिनं पटवून घेतलं. ताईनं फॉर्म पुढे केला, पेन दिलं. “इथं आणि इथं,” ती म्हणाली. खालच्या ओळीत कारण लिहिलेलं होतं, ताईच्या नेटक्या अक्षरात: विस्मरण. मी पेन खाली ठेवलं आणि खिशातून रबर काढून आईच्या चांगल्या हातात दिलं.

तिनं पाहिलं नाही, आधी बोटांनी चाचपलं. मग अंगठा घालून ताणलं, डोळ्यांजवळ नेलं आणि वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, जसं काही तिथं पानभर लिहिलं होतं.

“कुठे सापडलं?” ताईनं विचारलं.

“माझ्याकडे होतं,” मी म्हणालो. “मी काढलं होतं. त्या रविवारी, टेबल लावताना. खिशात गेलं. आज सकाळी दिसलं.” मग म्हटलं आलोच आहोत तर सगळं सांगून टाकू, “आणि ती खोकीही मीच केलेली, तुम्हाला माहीतच आहे. एकसारखी. तेव्हा एक बाई म्हणाल्या होत्या लोक चुकतील म्हणून. मी ऐकलं नाही.”

ताई पलंगावर बसली. “नऊ दिवस,” ती म्हणाली. “नऊ दिवस मी तिला खोटं पाडतेय.” तिला रडू आलं, आणि रडतानाच ती व्यवहाराचंही बोलली, ती तशीच आहे. “पण एका रबरानं काय बदलतं रे? वय आहेच. उद्या गॅस उघडा राहिला तर?”

“वय आहे,” आई म्हणाली. “डोकंही आहे.”

मोठ्यानं नाही म्हणाली. पण ते तिचं जुनं बोलणं होतं, कोठीतलं, जिथे ती नव्या मुलींना दोरे शिकवायची. तिनं ताईला सांगितलं, “गोळ्या कुठल्या पिशवीत आहेत? दे.” ताईनं दिल्या. आईनं दोन्ही खोकी मांडीवर घेतली, त्यातल्या एकाचं नाव डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, आणि एका हातानं त्यावर रबर चढवायला लागली. एका हातानं जमत नव्हतं. मी पुढे झालो. “तू नको,” ती म्हणाली, आणि ताईनं खोकं धरलं. दोनदा गुंडाळून झालं. कोपरे दबले, खालची रेघ झाकली गेली. आईनं डोळे मिटून दोन्हींवरून हात फिरवला, मग उघडले.

“मी म्हणत होते,” ती म्हणाली. “मी म्हणत होते ना?” आणि आता तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी तिथं उभा होतो. मला वाटलं होतं ती मला बोलेल, आणि मला ते हवं होतं. पण तिला माझ्याकडे बघायला वेळच नव्हता. ती नऊ दिवसांतली स्वतःची एकेक गोष्ट परत घेत होती. “म्हणजे दुधवाल्याला मी पैसे दिले होते ते खरं. आणि पत्र आलं होतं म्हणाले तेही खरं.” ताई प्रत्येक वेळी मान हलवत होती. फॉर्म पलंगावर पडून होता, मी सही केली नव्हती. ताईनं तो उचलला, दोनदा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “आज नको. पुढचं पुढे बघू.” आईनं सूटकेसकडे बोट दाखवलं. “ती उघड. आणि डबे बाहेर काढ. मीठ आधी.”

आम्ही दोघांनी मिळून सगळं परत काढलं. आई खुर्चीतून सांगत होती, हे इथं, ते तिथं, आणि तिच्या जागा सगळ्या विचित्र होत्या, कशालाही कशाची रांग नव्हती. टॉर्च उशाशी आडवा, चष्मा खिडकीत, किल्ली खिळ्याला. पलंगाशेजारच्या टेबलावर दोन खोकी लांब लांब, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला घाम आला होता. जायची वेळ झाली तेव्हा मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “आई, चुकलो.”

रबर हातात आल्यापासून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. चांगल्या हातानं माझी कॉलर धरून जरा जवळ ओढलं आणि आतल्या बाजूनं अंगठा फिरवला, तिथे काही नव्हतं. “खोकी दिसायला छान आहेत,” ती म्हणाली. “तेव्हाही मी सगळ्यांना दाखवली होती.” मग कॉलर सोडली. “ये पुढच्या रविवारी. फक्त एक ऐक. इथं काही नीट करत जाऊ नकोस.”

दाराशी पायपुसणं तिरकं झालं होतं. माझा पाय आपोआप त्याच्या कडेवर गेला. मी तो उचलला आणि पायपुसणं ओलांडून बाहेर पडलो.